बाळंतपणानंतरचं अंगावरून जाणं: पॅडकडे लक्ष कसं ठेवायचं
पहिले तीन-चार दिवस लालभडक, दहाव्या दिवसाच्या आसपास गुलाबी-तपकिरी, पुढे पिवळट-पांढरं. साधारण 4 ते 6 आठवडे असं जात राहतं, सिझेरियन झालं असलं तरी. सकाळी उठल्या उठल्या एकदम जास्त गेलं तर घाबरू नका, रात्रभर योनीत साचलेलं रक्त असतं ते. दूध पाजताना पोटात कळ येते, तीही नेहमीचीच. पाजताना अंगात तयार होणाऱ्या ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे गर्भाशय आकसत असतं.

पॅड बदलल्याची वेळ लिहून ठेवा. तासाभरात अख्खा पॅड भिजला, लिंबाएवढी गाठ पडली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच दवाखाना गाठा. रात्र आहे म्हणून थांबायचं नाही. गाडी येईपर्यंत बाळंतिणीला आडवं ठेवा. चक्कर नसेल तर लघवी करून घेऊ द्या, कारण भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आकसू देत नाही. भिजलेले पॅड सोबत न्या. ‘खूप गेलं’ म्हणण्यापेक्षा त्यावरून डॉक्टरांना नेमका अंदाज येतो.

घाण वास, 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, ओटीपोटात दुखणं ही जंतुसंसर्गाची लक्षणं. वारेचा तुकडा आत राहिल्यानेही असं होतं. त्याच दिवशी दाखवा.

सहा आठवडे टॅम्पॉन (योनीच्या आत घालायची शोषक गुंडाळी) नको.