रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे? मग रक्तस्रावात थांबायचं किती?

वॉरफेरिन, अपिक्साबॅन, रिव्हरॉक्सबॅन यांसारखी गोळी घेणाऱ्याला दाढी करताना कापलं तर रक्त जरा जास्त वेळ वाहतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटं घट्ट दाबून धरा. दर मिनिटाला कापड उचलून ‘थांबलं का?’ बघायचा मोह आवरा, नाहीतर धरलेली गुठळी सुटते. घोळणा फुटला (नाकातून रक्त आलं) तर डोकं मागे टाकू नका. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं चिमटीत धरा. एवढं करूनही रक्त थांबलं नाही, तर थेट रुग्णालयात जा.

डोक्याला मार लागला असेल तर मात्र वाट बघूच नका. टेंगूळ नाही, दुखत नाही, माणूस नीट बोलतोय, तरीही तपासणी हवीच. कवटीच्या आतला रक्तस्राव काही तासांनी डोकं वर काढू शकतो.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, खोकल्यातून रक्त, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, बोलणं अडखळणं, चक्कर येऊन घाम फुटणं: यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तो निवाडा डॉक्टरांवर सोडा.)

निघताना गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा. उतारा कोणता द्यायचा हे त्यावरच ठरतं.