जर्नलला नवीन एडिटर शोधताय? या चुका टाळा

मुलांच्या परिसरावरचं संशोधन छापणाऱ्या जर्नलचं एक वेगळंच दुखणं असतं. विषय कुणा एकाचा नाही. मानसशास्त्रवाले, आर्किटेक्ट, भूगोलवाले, शिक्षणवाले, पब्लिक हेल्थवाले सगळे लिहितात आणि प्रत्येकाला आपलीच पद्धत शास्त्रीय वाटते, त्यामुळे एडिटर चुकला की पेपर येणारी अर्धी दारंच बंद होतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मोठं नाव बघून भुलणं. मी दोनदा निवड समितीत होतो आणि पहिल्या वेळी आम्ही नेमकं हेच केलं. सीव्ही असा की वाचता वाचता दमावं, सगळे खूश. पुढे काय झालं, तर पेपर महिनोनमहिने तसेच पडून, लेखक मेलवर मेल टाकतायत आणि एडिटरसाहेब कुठल्यातरी कॉन्फरन्सला. त्यांची चूक म्हणावी तर तसंही नाही, आठवड्याला किती तास लागतील हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं!

म्हणून जाहिरातीत आधी खरं काम लिहा. वर्षाला साधारण किती पेपर येतात, मदतीला कोण आहे, मानधन आहे की नाही, मुदत किती वर्षांची. 'उत्साही आणि अनुभवी व्यक्ती हवी' यातून कुणालाच काही कळत नाही. अर्ज आलेच नाहीत तर लगेच तारीख वाढवत बसू नका, आधी जाहिरात परत वाचा. काम एकट्याला झेपणारं वाटत नसेल तर वेगवेगळ्या विषयांतले दोन को-एडिटर घ्या.

इंटरव्ह्यूत 'जर्नलबद्दल तुमचं व्हिजन काय' विचारलंत तर सगळे छानच बोलतात. त्यापेक्षा एक काल्पनिक केस द्या. पेपरमध्ये 14 मुलांनी शाळेच्या वाटेचे नकाशे काढलेत, एक रिव्ह्युअर (पेपर तपासणारा तज्ज्ञ) म्हणतो सॅम्पल फारच लहान, रिजेक्ट करा, दुसरी म्हणते नकाशे हाच डेटा आहे, विश्लेषण जरा घट्ट करा. आता लेखकाला पत्र लिहा म्हणावं. 'दोन्ही रिव्ह्यू जोडले आहेत, त्यानुसार बदल करावेत' एवढंच ज्याने लिहिलं तो एडिटर नाही, पोस्टमन आहे. कुठला मुद्दा मानायचा, कुठला सोडायचा आणि का, हे चार ओळीत सांगणारा माणूस पाहिजे.

त्याच केसमध्ये मी एक मेख मुद्दाम ठेवतो. नकाशाच्या कोपऱ्यात मुलाने स्वतःचं नाव आणि शाळेचं नाव लिहिलेलं असतं. हे कुणाच्या लक्षात येतं ते बघा. पालकांची संमती घेतली म्हणजे झालं असं नसतं, मुलाचा स्वतःचा होकारही लागतो, आणि ओळख पटेल असं काही छापायचं नाही हे लेखक विसरला तर एडिटरनेच धरायचं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतलं कलम 12 मुलांचं म्हणणं ऐकण्याबद्दल आहे, तेही माहीत असलेलं बरं. मुलांच्या सहभागाचा अभ्यास करणाऱ्या रॉजर हार्टने 1992 मध्ये युनिसेफसाठी मांडलेल्या सहभागाच्या शिडीला 8 पायऱ्या आहेत, त्यातल्या खालच्या 3 म्हणजे नुसता देखावा. पेपरमधला 'मुलांचा सहभाग' त्या खालच्या पायऱ्यांवरच अडकलाय का, हे ओळखता यायला हवं.

दोन उमेदवार तुल्यबळ असतील तर त्यांनी पूर्वी लिहिलेले रिव्ह्यू, नावं काढून, मागवा. बाकी काही बघायला नको.

आणि हँडओव्हर! जुने एडिटर शुक्रवारी गेले, नवीन सोमवारी आले, असं करू नका, निदान सहा महिने दोघं सोबत हवेत. सबमिशन सिस्टीमचा ॲडमिन पासवर्ड, स्वीकारलेल्या पण न छापलेल्या पेपरची यादी, वेळेवर उत्तर देणारे रिव्ह्युअर कोण आणि कधीच न देणारे कोण, हे सगळं कागदावर घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोंडी दिलेले शब्द. आमच्याकडे नवीन एडिटर आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक गेस्ट एडिटर उगवले, म्हणाले विशेषांक ठरलाय, पेपर तयार आहेत, आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.