टर्मिनलवरून सर्टिफिकेट: डीआयडी बनवा, सही करा, तपासा

माझी मावसबहीण धरमपेठेत वऱ्हाडी स्वयंपाकाचे क्लास घेते, कोर्स संपला की पीडीएफ सर्टिफिकेट देते, आणि मागच्या उन्हाळ्यात कोणीतरी त्या पीडीएफवर फक्त नाव बदलून भलतीकडेच काम मिळवलं. ती मला म्हणे, दिवसभर त्या काळ्या स्क्रीनवर काय करून राहतो रे तू, याचं काहीतरी कर ना. तर केलं, कूलरसमोर बसून दोन दुपारी गेल्या.

आधी थोडक्यात. डीआयडी (डिसेंट्रलाइज्ड आयडेंटिफायर) म्हणजे एक ओळख, जिच्यावरून तुमची पब्लिक की, म्हणजे सही तपासायची सगळ्यांना दिसणारी किल्ली, सापडते. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने त्याचं स्टँडर्ड २०२२ मध्ये काढलं. क्रेडेन्शियल, म्हणजे आपलं सर्टिफिकेट, ही साधी जेसॉन फाईल (नाव आणि किंमत अशा जोड्यांची टेक्स्ट फाईल) जिच्यावर त्या कीच्या जोडीदार प्रायव्हेट कीने, म्हणजे फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त किल्लीने, सही केली. बस, ब्लॉकचेन वगैरे लागतंच असं नाही.

मी डिडकिट हे टर्मिनलवर चालणारं टूल वापरलं. कॉम्प्युटरवर रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा टाकलेली असेल तर कार्गो इन्स्टॉल डिडकिट-सीएलआय, आणि मग चहा करून या कारण कंपाइल व्हायला वेळ लागते. कमांड अर्थात इंग्रजी स्मॉल लेटरमध्ये टाकायच्या, मी इथे उच्चार लिहून राहिलो. जुन्या-नव्या व्हर्जनमध्ये कमांडची नावं बदललीत, म्हणून पहिले डॅश डॅश हेल्प मारून पाहा, मी खाली जुनी नावं देतो.

डिडकिट जनरेट-ईडी२५५१९-की चालवा आणि आउटपुट एका फाईलीत वळवा. ती फाईल उघडून पाहाच एकदा, एवढुशी असते. त्यात एक्स नावाचं फील्ड पब्लिक की, डी नावाचं फील्ड प्रायव्हेट. डी दुसऱ्याच्या हाती गेलं की समोरचा तुमच्या नावाने कोणालाही सर्टिफिकेट देईल, म्हणून लगेच सीएचमॉड ६०० करा (मग ती फाईल फक्त तुम्हालाच उघडता येते), गिट वापरत असाल तर गिट इग्नोरमध्ये नाव टाका म्हणजे ती कोडसोबत चुकून जाणार नाही, आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवणारे लोक पाहिलेत मी, तसं नका करू राजेहो.

मग की-टू-डीआयडी की, डॅश के आणि फाईलीचं नाव. डीआयडी, की आणि मग झेड६एमके, मध्ये कोलन, असं सुरू होणारं लांबलचक काहीतरी मिळेल, तो तुमचा डीआयडी. ट्रायलसाठी हा मस्त, पण यात की बदलताच येत नाही, की म्हणजेच डीआयडी. खऱ्या कामासाठी वेब पद्धत बरी: डीआयडी-रिझॉल्व्ह मारून डीआयडीचं डॉक्युमेंट (ज्यात पब्लिक की असते ती जेसॉन) काढा, जिथे जिथे जुना डीआयडी आहे तिथे डीआयडी, वेब आणि तुमचं डोमेन असं मध्ये कोलन देऊन लिहा, आणि फाईल वेबसाईटच्या डॉट वेल-नोन फोल्डरमध्ये डीआयडी डॉट जेसॉन नावाने ठेवा, एचटीटीपीएस पाहिजेच. क्लासची वेबसाईट होतीच, त्यामुळे लोकांना भरवसा कशावर ठेवायचा हेही आपोआप ठरलं. डोमेन रिन्यू करायला मात्र विसरू नका, ते दुसऱ्याने घेतलं तर ओळखही त्याचीच.

आता क्रेडेन्शियलची जेसॉन. कॉन्टेक्स्ट, टाइप, इश्यूअर, इश्यूअन्स डेट, क्रेडेन्शियल सब्जेक्ट. इश्यूअरमध्ये तुमचाच डीआयडी. कोर्सचं नाव असं स्वतःचं फील्ड टाकलं तर त्याचा अर्थ कॉन्टेक्स्टमध्ये द्या, नाहीतर टूल अडतं, आणि काही टूल तर अडतही नाहीत, ते फील्ड चुपचाप सहीतून गळून जाते, जे जास्त वाईट. आधार नंबर, जन्मतारीख असलं काही टाकू नका, शिकवला तर्री-रस्सा, त्याला आधार कशाला.

वेळ लिहिताना मी फसलो. दुपारी ३ ला बसलो, तारखेपुढे १५:०० लिहून शेवटी झेड लावला. झेड म्हणजे यूटीसी, आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे सर्टिफिकेट रात्री साडेआठचं झालं, आणि वेळही पाहणारा व्हेरिफायर, म्हणजे सर्टिफिकेट तपासणारं टूल, म्हणणार की हे अजून सुरूच नाही झालं. डेट डॅश यू कमांडने वेळ घ्या, डोक्याने वजाबाकी नको.

सहीसाठी व्हीसी-इश्यू-क्रेडेन्शियल, त्याला डॅश केने की, डॅश व्हीने व्हेरिफिकेशन मेथड (डीआयडीतल्या कोणत्या कीने सही तपासायची ते), डॅश पीने असर्शनमेथड (सही कशासाठी केली ते). तपासायला व्हीसी-व्हेरिफाय-क्रेडेन्शियल. उत्तरात चेक्समध्ये प्रूफ आणि एरर्सची यादी रिकामी दिसली की जमलं.

आणि आता ज्याने माझी एक अख्खी दुपार खाल्ली ते. सही झालेल्या फाईलीत बहिणीने "वऱ्हाडी" शब्द परत टाइप केला, म्हणे नीट दिसत नव्हता. दिसायला आधीसारखाच, पण व्हेरिफाय फेल. एक्सएक्सडी या कमांडने फाईलीचे कच्चे बाइट पाहिले तेव्हा कळलं. माझ्या कीबोर्डने ऱ हे वेगळंच अक्षर टाकलं होतं, युनिकोड ०९३१, आणि तिच्या फोनने साधा र म्हणजे ०९३०, त्याला हलंत आणि शिवाय एक डोळ्याला न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. डोळ्याला एकच, सहीला दोन वेगळे शब्द, आणि युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करूनही ते एक होत नाहीत. म्हणून कुऱ्हाडे, गोऱ्हे अशी आडनावं असतील तर नाव एकाच जागेवरून कॉपी करा आणि सही झाल्यावर फाईलीला कोणीही हात लावायचा नाही, सुधारणा असेल तर मूळ फाईलीत करून नवीन सही.

सगळं झाल्यावर एक टेस्ट मुद्दाम करा, सही केलेल्या फाईलीत विद्यार्थ्याचं नाव बदला आणि व्हेरिफाय चालवा. बहिणीला तेच दाखवलं, लाल एरर पाहून ती म्हणाली, हेच पाहिजे होतं ना बे मला.