लो-बॉनेट जीप खरंच युद्धातली आहे का? आधी चासी तपासा

मराठवाड्यात एखाद्या वाड्यात किंवा शेतातल्या शेडमध्ये जुनी लो-बॉनेट जीप उभी असली की मालक ती हमखास ‘बेचाळीसची मिलिटरी विलीज’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली, विलीज या अमेरिकी कंपनीची जीप म्हणून सांगतो. ते खरं असूही शकतं. पण बॉनेट, ग्रिल आणि बॉडी नवी करून मिळते. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर लो-बॉनेट जीप ऑर्डरप्रमाणे बांधून देतात. म्हणून बॉडीकडे शेवटी बघा. आधी गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) चढवा आणि खाली शिरा.

चासीचे दोन लांब चॅनल पुढे एका आडव्या दांड्याने जोडलेले असतात. तो गोल पाइप असेल तर चासी विलीजची, चौकोनी पत्र्याचा असेल तर फोर्डची. १९४१ ते ४५ या काळात दोघांनीही जवळपास एकसारख्याच जीप बनवल्या. विलीजची ‘एमबी’, फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवर आणि बऱ्याच भागांवर ‘एफ’ अक्षर उठवलं होतं. पण असे दोन-चार बोल्ट दिसले म्हणून गाडी फोर्ड ठरवू नका, लष्करी वर्कशॉपमध्येच सुटे भाग इकडचे तिकडे झालेले असतात.

नंबर शोधायचा तो डाव्या चॅनलवर. फोर्डचा नंबर चॅनलच्या वरच्या बाजूला, इंजिनच्या पुढच्या माउंटिंगजवळ ठोकलेला असतो. विलीजची पाटी त्याच चॅनलच्या आतल्या बाजूला, बंपरच्या मागे रिव्हेटने बसवलेली असते आणि ती बहुतेक वेळा गायब असते. ग्राइंडर अजिबात लावू नका, नंबर कायमचा जातो. रॉकेलने ग्रीस काढा, पेंट रिमूव्हर लावून रंग सोलू द्या, मग हाताने हलका वायर ब्रश मारा. अंधारात टॉर्च आडवी धरली की खोल अक्षरांची सावली पडते. पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. आजूबाजूचा पत्रा घासून पातळ झालेला दिसला किंवा आकडे वेगवेगळ्या पंचचे वाटले, तर तिथेच थांबा. आरसीवरच्या नंबराशी तो जुळत नसेल तर व्यवहारही थांबवा.

सगळ्यात बोलका पुरावा स्टिअरिंगचा. युद्धातल्या या जीप डाव्या स्टिअरिंगच्या होत्या. आपल्याकडे त्या उजव्या करून घेतल्या गेल्या. तेव्हा डाव्या चॅनलवर स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टची जुनी छिद्रं शोधा आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) डाव्या बाजूला पेडलच्या जागी वेल्डिंगचे ठिगळ बघा. पेट्रोलची टाकी डाव्या सीटखालीच राहिलेली असते, कारण ती मुळात ड्रायव्हरच्या सीटखाली होती. यातलं काहीच सापडलं नाही तर ‘युद्धातली’ या दाव्यावर विश्वास ठेवायला जागा उरत नाही.

मागच्या ॲक्सलचा हबही बघा. बाहेर सहा छोटे बोल्ट असतील तर दावा टिकतो. मधोमध एकच मोठा नट असेल तर तो ॲक्सल नंतरचा. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मोजून काही सिद्ध होत नाही. नंतरच्या सीजे-३बी या नागरी जीपचाही ८० इंचच आहे.

इंजिन मूळ असेल तर हेड सपाट आणि प्लग त्यावर उभे दिसतात. वर व्हॉल्व्ह कव्हर दिसलं तर ते सीजे-३बीचं ‘एफ-हेड’ इंजिन. त्याच्या उंचीमुळेच त्या जीपचं बॉनेट उंच झालं. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत डिझेल इंजिन बसवलेलं सापडतं. त्यावरून चासीच्या वयाबद्दल काहीच कळत नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नका.

आता बॉडी. युद्धातल्या पत्र्याच्या ग्रिलला नऊ खाचा, नागरी सीजेला सात. मूळ हेडलाइट ग्रिलच्या मागे बसतो आणि बिजागरीवर उलटा फिरून इंजिनवर उजेड पाडतो. हे कब्जे नव्या ग्रिलमागे सहसा नसतात. मागचं फळकं उघडत असेल किंवा पेट्रोलचं तोंड बाहेरून असेल तर टब (बॉडीचा मुख्य भाग) सीजेचा. चुंबक फिरवून लांबी (पुट्टी) कुठे भरली आहे ते पाहा. डॅशखाली रुपयाएवढी जागा ३२० च्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून रंगाचे थर मोजा. तळाशी हिरवा लागला तरी हुरळून जाऊ नका, आपल्या सैन्यातल्या महिंद्राही हिरव्याच होत्या.

कागद वाचताना बनावटीचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष वेगळं धरा. लष्करी लिलावात घेतलेली गाडी नंतर कधीतरी नोंदवलेली असते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे सर्वात जुनी नोंद तिथली असू शकते. एमएच-२१ किंवा एमएच-२४ नंबर दिसला तरी मूळ फाइल जालना, लातूरमध्येच असेल असं नाही. हे जिल्हे १९८१-८२ मध्ये झाले, आधीचं छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) आणि धाराशिवकडे (पूर्वीचं उस्मानाबाद) विचारा. आरटीओकडे नोंदीचा उतारा मागताना आधीचे सगळे नंबर अर्जात लिहा.

या तपासावर पुढचा खर्चही ठरतो. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. डिझेल इंजिन घातलेली, कापून लांबवलेली जीप त्यात बसत नाही. खरी एमबी चासी आणि सीजेचा टब अशी मिसळ निघाली तर विकताना तसंच लिहून द्या, आणि जुनी छिद्रं बुजवण्याआधी त्यांचे फोटो फाइलला लावा.