चीर देण्याआधी त्वचेच्या आत कसे पाहावे

नागपुरात मे महिन्याच्या उन्हात काटोलकडचा एखादा वयस्क बागायतदार येतो आणि नाकाच्या बाजूची काळसर, चकाकणारी गाठ दाखवून सांगतो की ही चामखीळ दोन वर्षांपासून आहे, फक्त मधूनमधून रक्त येते. बहुतेकदा त्यावर चुना-सोडा लावून झालेला असतो. डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाची शंका येते, परंतु तुकडा काढायचा का, आणि काढायचा तर नेमका कुठून, हा प्रश्न उरतो. परावर्तित प्रकाशावर चालणारा कॉन्फोकल लेसर सूक्ष्मदर्शक या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी वापरावा. बायोप्सीला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहिले की चुका सुरू होतात.

या यंत्रात ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचा, निकट-अवरक्त पट्ट्यातला सौम्य लेसर त्वचेत सोडला जातो आणि परत आलेल्या प्रकाशापैकी एकाच प्रतलातून आलेला प्रकाश बारीक छिद्रातून घेतला जातो, त्यामुळे त्वचेचा पातळ आडवा काप, न कापता, करड्या छटांत पडद्यावर दिसतो. मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य आणि केराटिन हे वरच्या थरातले कठीण प्रथिन प्रकाश जोरात परतवतात, म्हणून ते उजळ दिसतात. संशोधक मिलिंद राजाध्यक्ष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये जिवंत मानवी त्वचेत मेलॅनिनचा हा गुण दाखवून दिला. आपल्या सावळ्या त्वचेत बाह्यत्वचेचा तळाचा थर त्यामुळेच ठळक उमटतो. मात्र प्रकाश सुमारे २०० ते २५० मायक्रोमीटरपर्यंतच, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर आत पोहोचतो, आणि पुढचा सगळा विवेक या एका आकड्यावर उभा आहे.

म्हणून आधी गाठ निवडावी. चेहऱ्यावरची सपाट किंवा किंचित उंच, पातळ गाठ उत्तम. जाड खपली, शिंगासारखी वाढ, तळहात-तळपाय आणि खोल व्रण यांवर वेळ घालवू नये, कारण वरचे केराटिनच सगळा प्रकाश परतवते. जुन्या भाजल्याच्या व्रणात उगवलेली, कडा उलटलेली जखम दिसली तर तेथे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दुसऱ्या कर्करोगाची शक्यता असते आणि सरळ बायोप्सी करणेच योग्य.

तपासणीपूर्वी हळद, मलम, सनस्क्रीन आणि सैल खपल्या हलक्या हाताने काढाव्यात. झिंक किंवा टायटॅनियम असलेले सनस्क्रीन राहिले तर पडद्यावर नुसते चांदणे दिसते. लेसर हा शब्द ऐकून अनेकांना भाजण्याची भीती वाटते, म्हणून हा प्रकाश जाळत नाही हे आधीच सांगावे, आणि काकाजींना आरामात टेकून बसवावे, कारण श्वासाच्या हालचालीनेही चित्र तुटते. उन्हातून आलेल्या माणसाला थोडा वेळ पंख्याखाली बसू द्यावे. घामट त्वचेवर चिकट कडी टिकत नाही.

त्यानंतर गाठीवर तेलाचा एक थेंब ठेवून पारदर्शक चकती असलेली कडी चिकटवावी, तिच्यातून डर्मोस्कोपचे छायाचित्र घ्यावे, मग कडीत अल्ट्रासाउंडचे जेल भरून भिंग जोडावे. हवेचा बुडबुडा राहिला तर तेथे काळा डाग दिसतो. असे चित्र पुढे वाचत बसण्यापेक्षा कडी पुन्हा लावणे सोपे पडते. सर्वांत वरच्या केराटिनच्या थराला शून्य मानून तीन पातळ्यांवर जोडचित्रे, म्हणजे अनेक चौकटी शेजारी जोडून केलेली मोठी चित्रे, घ्यावीत: बाह्यत्वचेचा मधला थर, बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांचा सांधा, आणि अंतस्त्वचेचा वरचा भाग. एक चौकट साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते, तर जोडचित्र ८ मिलिमीटर लांबी-रुंदीपर्यंत वाढवता येते. संशयास्पद जागी वरून खाली क्रमाने चित्रांची चळत घ्यावी. नाकपुडी किंवा डोळ्याचा कोपरा यांसारख्या वळणांवर कडी बसत नाही. तेथे हातात धरायचे उपकरण वापरावे.

वाचन वरून सुरू करावे. निरोगी बाह्यत्वचेत पेशींच्या उजळ कडा आणि काळी केंद्रके मिळून मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. ती विस्कटली, पेशींचे आकार कमी-जास्त झाले, वरच्या थरात केंद्रके तशीच राहिली, तर अ‍ॅक्टिनिक केराटोसिस, म्हणजे उन्हाने होणारा कर्करोगपूर्व खरखरीत डाग, मनात आणावा. विस्कट पूर्ण जाडीत असेल, तळाशी गोल रक्तवाहिन्या ठिपक्यांसारख्या भरून आल्या असतील तर स्क्वॅमस सेल कार्सिनोमाकडे पारडे झुकते, पण तो आत शिरला आहे की नाही हे या यंत्राने ठरवू नये.

बेसल सेल कार्सिनोमात अंतस्त्वचेच्या वरच्या भागात पेशींची बेटे दिसतात, त्यांच्या कडेला केंद्रके कुंपणाच्या खांबांसारखी रांगेत उभी असतात आणि बेटाभोवती काळी फट असते. लांबट केंद्रके एकाच दिशेला वळलेली, जणू वाऱ्याने लवलेले पीक, अशी दिसली तर खात्री वाढते. जाड, नागमोडी वाहिन्यांतून रक्तपेशी वाहताना आणि पांढऱ्या पेशी भिंतीला घासत सरकताना प्रत्यक्ष दिसतात. हे दृश्य पॅथॉलॉजीची स्लाइड कधीच दाखवू शकत नाही. आपल्याकडे या गाठी अनेकदा रंगद्रव्ययुक्त असतात आणि बेटांत उजळ, फांद्या फुटलेल्या पेशी आढळतात, त्यामुळे नवख्या डोळ्याला मेलॅनोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाचा, भास होतो. कडेची रांग आणि फट शोधावी, आणि संशय राहिला तर तुकडा काढावाच.

सेबोऱ्हिक केराटोसिस या निरुपद्रवी गाठीमध्ये मेंदूच्या वळ्यांसारखी पृष्ठरचना आणि केराटिनने भरलेल्या उजळ गोल पुटिका सापडतात, तर तेलग्रंथींच्या वाढीत रुंदावलेल्या छिद्राभोवती तुतीच्या फळासारखा पुंजका दिसतो. अशा वेळी चेहऱ्यावरची एक चीर वाचते.

काही दिसले नाही, म्हणून काही नाही, असे मात्र लिहू नये. खोल शिरणारे, तंतुमय प्रकारचे बेसल सेल कार्सिनोमा पाव मिलिमीटरच्या खाली बसून राहते. अहवालात कोणत्या खोलीपर्यंत चित्र मिळाले ते नोंदवावे, आणि ज्या बिंदूवरून बायोप्सी घ्यायची तो डर्मोस्कोपच्या छायाचित्रावर खूण करून रुग्णाच्या हाती द्यावा, कारण छोटी जखम भरून येते आणि महिनाभराने शस्त्रक्रियेला बसलेल्या सर्जनला नाकावर जागाच सापडत नाही.