मित्राच्या उपचारासाठी पैसे उभे करताना

आवाहन लिहायला बसण्याआधी दोन कामं उरका: रुग्णाची किंवा घरच्यांची स्पष्ट परवानगी आणि हॉस्पिटलकडून लेखी अंदाजपत्रक. त्या आकड्यातून विमा आणि घरची तजवीज वजा करा; उरते तीच मागायची रक्कम. विम्याचं उत्तर यायचं असेल तर तसं लिहा. मोघम ‘मोठी रक्कम हवी’ म्हटलं की देणाऱ्याचा हात अडखळतो.

शक्य असेल तिथे पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासह जमा करायला सांगा. नाहीतर रुग्णाचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं एकच खातं द्या. स्वतःच्या रोजच्या खात्यात घेऊ नका. पगार, हप्ते आणि मदत एकत्र झाली की हिशेब लागत नाही. ऑनलाइन निधी संकलनाची साइट वापरणार असाल तर तिचं शुल्क आणि पैसे हातात यायला लागणारे दिवस आधी तपासा. बिल आज भरायचं आणि पैसे आठवड्याने, अशी पंचाईत नेहमी होते.

मेसेज पाच-सहा ओळींचा पुरे: आजार, हवी असलेली रक्कम, आत्तापर्यंत जमलेली रक्कम, एकाच माणसाचा फोन आणि तारीख. तारीख विसरू नका, कारण फॉरवर्ड झालेला मेसेज काम झाल्यावरही महिनोन्‌महिने फिरत राहतो. रिपोर्ट किंवा ओळखपत्राचे फोटो सगळीकडे टाकू नका. मागेल त्याला अंदाजपत्रक दाखवा.

ग्रुपवर टाकून थांबू नका. एकेकाला फोन करा, प्रतिसाद खरा तिथेच मिळतो. शिल्लक उरली तर तिचं काय करायचं, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.