पावसाळ्यात मिरची-टोमॅटोची रोपं कोलमडू नयेत म्हणून

काल ताठ उभी असलेली रोपं सकाळी आडवी पडलेली दिसतात. मातीलगतचं खोड पाणचट, तपकिरी आणि दोऱ्यासारखं बारीक झालेलं असतं. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या बुरशींचं हे काम. एकदा पडलेलं रोप वाचत नाही, म्हणून सगळी काळजी पेरणीच्या आधीच घ्यायला हवी.

पुण्यात एप्रिल-मेचं ऊन फुकट मिळतं, माती तापवून या बुरशी मारायला ते वापरा. वाफ्याची माती भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीत दाबा आणि ४ ते ६ आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही.

मग १ मीटर रुंद आणि १५ सेंमी उंच गादीवाफा करा. भारी काळ्या जमिनीत सपाट वाफा म्हणजे रोगाला आमंत्रणच. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. गच्चीवर ट्रेमध्ये रोपं करणार असाल तर नवं कोकोपीट घ्या, जुनी भांडी धुऊन उन्हात वाळवा आणि तळाची भोकं मोकळी आहेत ना ते बघा.

बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी) चोळून सावलीत सुकवा. घरच्या छोट्या पुडीला चिमूटभर पुरतं. बी गुलाबी किंवा निळं दिसत असेल तर त्यावर बहुधा रासायनिक बुरशीनाशक आधीच असतं, तिथे ट्रायकोडर्मा लावू नका.

बी फेकून पेरू नका. ८-१० सेंमी अंतरावर ओळी ओढा, बी साधारण १ सेंमी खोल आणि विरळ टाका. दाटीत वारा फिरत नाही आणि खोडं ओलीच राहतात.

पाण्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. जुलैत दिवसभर भुरभुर चालू असते, ऊन दिसत नाही, तरी सवयीने संध्याकाळी झारी फिरवली जाते. ते थांबवा. बोटाने माती चाचपा, वरचा थर सुकलेला लागला तरच पाणी द्या, तेही सकाळी. पावसाच्या सरींपासून वर आडोसा करा, पण बाजू उघड्या ठेवा. रोपं पिवळी वाटली म्हणून युरिया टाकू नका, त्याने खोड आणखी कोवळं राहतं.

तरीही चार-दोन रोपं पडलीच, तर ती मातीसकट उचलून लांब टाका, त्या जागचं पाणी तोडा आणि भोवतालच्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम मिसळून ते मुळाशी ओता. हातमोजे घाला. या औषधात ट्रायकोडर्मा मिसळू नका. खरी पानं (पहिल्या दोन बीजदलांनंतरची) फुटून खोड कडक झालं की हा धोका बराच कमी होतो.